इंटरनेट कल्चरचा पेपर घेतलाय? टॉपिक ठरवायच्या आधी हे वाचा

दरवर्षी इलेक्टिव्हचे फॉर्म भरायची वेळ आली की इंटरनेट-समाज-संस्कृती असल्या नावाच्या पेपरला तुफान गर्दी होते, आणि का घेताय विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, मॅडम आम्ही दिवसभर तिथेच तर असतो, स्कोअरिंग आहे. मी पुण्यात एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, हाच पेपर शिकवते (कुठलं कॉलेज ते विचारू नका, पुढच्या टर्मची ऑर्डर अजून हातात पडायचीय) आणि माझं म्हणणं असंय की दिवसभर तिथे असणं हीच या पेपरातली मुख्य अडचण आहे. लक्ष्मी रोडवरून रोज गाडी काढणारा माणूस ट्रॅफिकवर तासभर बोलेल, पण नक्की कुठल्या चौकात, किती वाजता, कशामुळे तुंबतं असं विचारलं की म्हणतो "अहो सगळीकडेच तुंबतं". इंटरनेटबद्दल आपण सगळे अगदी असंच बोलतो. सगळेच फोनमध्ये असतात, सगळं खोटं असतं, मुलं बिघडली. तर खाली जे काही लिहिलंय ते या "सगळीकडेच"मधून बाहेर पडून एका चौकात उभं कसं राहायचं एवढ्यापुरतंच आहे.

आधी टॉपिक, कारण निम्मे मार्क तिथेच जातात

"सोशल मीडियाचे तरुण पिढीवर होणारे परिणाम" हा टॉपिक आणू नका. हात जोडते. त्यात सोशल मीडिया कुठला ते नाही, तरुण कुठले ते नाही, आणि परिणाम म्हणजे झोप, मार्क, लग्न, मतदान की अजून काय तेही नाही. असा टॉपिक घेतलात की शेवटी "फायदे आणि तोटे" असे दोन रकाने करून मोकळं व्हावं लागतं आणि ते आठवीतल्या निबंधात ठीक असतं.

त्यापेक्षा असं बघा. कर्वेनगर, कोथरूड, विमाननगर इकडे रूम शोधलीये ना तुम्ही किंवा मित्रांनी? ते फ्लॅटमेट हवा / हवी वाले फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा. "ओन्ली व्हेज", "वर्किंग प्रोफेशनल प्रेफर्ड", "ओनर फॅमिली खालीच राहते", "डिसेंट मुलगी हवी", मग कमेंटमध्ये दहा जणांचं "इंटरेस्टेड" आणि पोस्ट टाकणाऱ्याचं "इनबॉक्समध्ये या". आता इनबॉक्समध्ये काय विचारतात? आडनाव विचारतात, गाव विचारतात, रात्री किती वाजता येता विचारतात. म्हणजे चारचौघात जे लिहायला लाज वाटते ते आत विचारलं जातं. आणि हे इंटरनेटने सुरू केलंय का, तर नाही, पेठांमध्ये "कॉट बेसिसवर जागा, फक्त मुलांसाठी" असे बोर्ड किती वर्षं लागत आलेत, तिथेही घरमालक दारात उभं करून हेच विचारायचे. मग बदललं काय? हा झाला टॉपिक! यात जात आहे, धर्म आहे, बाईवरची नजर आहे, शहरात नव्याने येणारा माणूस आहे, आणि सगळं एका ग्रुपवरच्या महिनाभराच्या पोस्टमध्ये सापडतं.

अजून सुचवायचं तर सोसायटीच्या ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण, म्हणजे कोण बोलतं, कोण जन्मात बोलत नाही पण सगळं वाचतं, आणि अ‍ॅडमिन नेमका कधी "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" करतो. ढोलताशा पथकांच्या सरावाच्या रील्स घ्या, जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी जाऊन बघा, वाजवणं चाललंय की शूटिंग चाललंय. एमपीएससीवाल्यांचे टेलिग्राम चॅनेल घ्या, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला मुलगा नोट्सच्या पीडीएफ कुठून आणतो आणि त्या कोण फुकट का वाटतं. पुणेरी पाट्या घ्यायच्या तर फॉरवर्डमध्ये फिरणारी पाटी खरंच कुठल्या दारावर होती का कोणीतरी फोनवर बसून बनवली, एवढंच शोधलंत तरी मस्त प्रोजेक्ट होतो.

माझी चाचणी साधी आहे. शनिवारी सकाळी उठून नक्की कुठे जाऊन किंवा काय उघडून काय बघणार हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर टॉपिक अजून मोठा आहे, अजून कापा.

तारखा पाठ करा, कंटाळा आला तरी

हा भाग मुलं टाळतात आणि मग व्हायवात सापडतात. "इंटरनेटमुळे अमुक झालं" असं लिहायचं असेल तर अमुक आधी होतं का ते बघावं लागतं ना.

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं, डायल-अप, कर्रर्र आवाज करत जोडलं जाणारं आणि महाग. आणि महिना-सव्वा महिन्याने, २१ सप्टेंबर १९९५ ला, गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरही पोचली, तुमच्या आईवडिलांना विचारा, वाटी-चमचा घेऊन रांगेत उभे असतील. तेव्हा कोणाकडे होतं इंटरनेट? लँडलाइनवरून, एसटीडी बूथवरून, शेजारणीच्या तोंडून गेलं ते. त्यामुळे "अफवा व्हॉट्सअ‍ॅपमुळे पसरतात" असं वाक्य मी पेपरात बघितलं की लाल पेन उचलते. व्हॉट्सअ‍ॅपने अफवेचं काय बदललं ते लिहा, वेग, माणसं, पुरावा म्हणून जोडलेला व्हिडिओ, कोणी पाठवलं ते विसरलं जाणं, हे लिहा की.

पुढे मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, परदेशात गेलेले मराठी लोक रेसिपी आणि गझला आणि भांडणं एकाच ठिकाणी करू लागले. मराठी विकिपीडिया २००३ चा. ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तुमच्या ताई-दादांचे स्क्रॅप आणि टेस्टिमोनियल त्याच्याबरोबर गेले. फेसबुकचं लाइक बटण २००९ चं आहे, म्हणजे त्याआधी लोक एकमेकांना अंगठा न दाखवता जगत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की एक जीबी महिनाभर पुरवून वापरायची सवयच गेली, मराठीतला व्हिडिओ घरोघरी पोचला तो यानंतर. आणि २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ अ‍ॅप्स बंद झाली.

ही शेवटची तारीख अभ्यासाला सोन्यासारखी आहे. कारण समाजशास्त्रात प्रयोग करता येत नाही, लोकांना कोंडून अर्ध्यांचं अ‍ॅप काढून घेता येत नाही, पण इथे सरकारने एका रात्रीत ते केलं आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत इन्स्टाने भारतात रील्स आणलं. मग गावाकडून शेतात उभं राहून नाचणारी, नक्कल करणारी जी मंडळी टिकटॉकवर होती ती सगळी रील्सवर आली का? कोण आलं, कोण गळलं, कोणाला नव्या जागेत "क्रिंज" म्हणून हसलं गेलं? एक-दोन जण गाठून बोललात तरी खूप निघेल.

थिअरी थोडी घ्या पण वापरा

सहा-सात विद्वानांची नावं ओळीने लिहून पुढच्या पानावर त्यांना विसरायचं, असं करू नका. एक घ्या, फार तर दोन.

अर्विंग गॉफमन नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९५० च्या दशकातच म्हणून ठेवलंय की माणूस लोकांसमोर रंगमंचावर असल्यासारखा वागतो आणि पडद्यामागे वेगळा असतो. आता तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघा, कितीजणांपासून हाईड केलंय? आत्या, काका, क्लासचे सर, ऑफिसचा मॅनेजर. एरवी आयुष्यात ही सगळी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत असतात, इथे एकाच सभागृहात येऊन बसलीत आणि तुम्ही एकट्या त्यांच्यासमोर. याला डॅना बॉइड वगैरे इंटरनेटचा अभ्यास करणारी मंडळी काँटेक्स्ट कोलॅप्स म्हणतात. आणि मग इन्स्टावरचं क्लोज फ्रेंड्सचं हिरवं वर्तुळ, दुसरं लपवलेलं अकाउंट, हे सगळं म्हणजे पुन्हा भिंती उभारायची धडपड. असं जोडलंत ना, की थिअरी वापरली असं म्हणता येतं.

ग्रुपवर अभ्यास असेल तर लोक वेबसाइट कशा वापरतात ते बघणाऱ्या जेकब नील्सनचं २००६ चं निरीक्षण कामाचं आहे, ऑनलाइन जागांमध्ये साधारण नव्वद टक्के लोक नुसते वाचतात, नऊ टक्के अधूनमधून बोलतात आणि एक टक्का बाकी सगळं लिहितो. हा ढोबळ अंदाज आहे, नियम नाही. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मोजून बघा आणि जुळलं नाही तर का नाही जुळलं ते लिहा, न जुळणं जास्त इंटरेस्टिंग असतं.

मीमवाल्यांसाठी एक. प्रत्येक पीपीटीची पहिली स्लाइड "रिचर्ड डॉकिन्स, १९७६" असते. बरोबरच आहे, शब्द त्यांचाच, पण ते जीवशास्त्रातले आणि तेव्हा इंटरनेट मीम नव्हतेच, त्यामुळे तिथेच थांबू नका. लिमोर शिफमन या अभ्यासिकेने मीम बघायची सोपी पद्धत दिलीये, त्यात काय म्हटलंय, ते कुठल्या रूपात म्हटलंय आणि म्हणणारा स्वतः कुठे उभा आहे. तिसरं सगळ्यात अवघड. एकच सिनेमातला फोटो, एकच ओळ, एका पेजवर ती सरकारची टिंगल असते आणि दुसऱ्यावर टिंगल करणाऱ्यांची टिंगल. मीम नुसतं चिकटवू नका, टेम्प्लेट कुठून आलं, कधी दिसलं, मूळ ओळ काय होती आणि काय बदललं हे शब्दांत लिहा, असं समजा की परीक्षक साठीचे आहेत आणि त्यांनी तो सिनेमा पाहिलेला नाही. (बहुतेक वेळा तसंच असतं.)

वाचायला काय? शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, मराठीतलेही सापडतात, पण संदर्भ म्हणून वापरा, पानंच्या पानं उचलू नका. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, तुमचं कॉलेज संलग्न असेल तर तुमच्या लायब्ररीतून पत्र घेऊन बसता येतं का ते विचारा. जुन्या वेबसाइट बघायला वेबॅक मशीन, आणि एखादा शब्द कधीपासून शोधला जातोय ते बघायला गूगल ट्रेंड्स, तिथे २००४ पासूनचं दिसतं. फक्त एक, मराठी शब्द देवनागरीत शोधून "डेटा नाही" म्हणू नका, आपलं बरंच मराठी इंटरनेट रोमनमध्ये टाइप होतं आणि तिथे एका शब्दाची चार-चार स्पेलिंगं असतात, सगळी टाकून बघा.

माल गोळा करताना

आता खरं काम. पहिली गोष्ट, तुमचा फीड म्हणजे इंटरनेट नाही. तुमच्या फोनवर जे येतं ते तुम्ही कशावर थांबलात, काय दोनदा बघितलं, कोणाला फॉलो करता यावरून येतं. "हल्ली इन्स्टावर सगळीकडे अमुकच दिसतं" याचा अर्थ तुम्ही तेच बघता एवढाच होतो. वर्गात आम्ही एकदा सगळ्यांचे फोन बाजूबाजूला ठेवून एक्सप्लोअर पेज उघडलं, एकाकडे बैलगाडा शर्यती, दुसरीकडे कोरियन गाणी, तिसऱ्याकडे नुसत्या गाड्या, आणि एकीकडे सगळे नवजात बाळांचे व्हिडिओ कारण तिच्या बहिणीचं बाळ आठवड्याभराचं होतं. तर नवीन अकाउंट काढून बघा, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर (विचारून!) बघा, आणि आपण कुठल्या अकाउंटवरून कधी बघितलं ते वहीत लिहा.

वही म्हणजे खरंच वही. रोज तारीख, वेळ, काय बघितलं, काय वाटलं. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण पोस्ट डिलीट होतात, स्टोरी चोवीस तासांत जाते, ग्रुपमधून तुम्हालाच काढतात. फाइलच्या नावात तारीख टाका, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री गॅलरीत हळदीकुंकवाच्या फोटोंमधून पुरावे शोधत बसाल.

दुसरं, गूगल फॉर्म. हा एक रोगच झालाय. पंधरा प्रश्न, "तुम्ही सोशल मीडिया किती वापरता: कमी / मध्यम / जास्त", लिंक वर्गाच्या ग्रुपवर, साठ उत्तरं, साठच्या साठ आपल्याच मित्रमैत्रिणींची, मग रंगीत पाय चार्ट आणि निष्कर्ष "पुण्यातील युवक". पुण्यातले युवक नाहीत हो ते, तुमच्या बाकावरचे आहेत. फॉर्म करायचाच असेल तर करा पण कोणापर्यंत पोचला ते प्रामाणिकपणे लिहा. त्यापेक्षा सात-आठ माणसांशी नीट बोललेलं मला जास्त आवडतं.

आणि बोलताना "तुम्ही फॉरवर्ड करता का" असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. "काल शेवटचं काय फॉरवर्ड केलंत, कोणाला, आणि त्यांनाच का" असं विचारा. शक्य असेल तर त्यांनाच फोन हातात धरून मागे स्क्रोल करत बोलायला सांगा, फोन त्यांच्याच हातात राहू दे, दाखवायचं ते दाखवतील, आणि एखादा फोटो आला की पाच वर्षांपूर्वीचं आपोआप बोलायला लागतात. कोणा काकांशी बोलणार असाल तर चहा पूर्ण होईपर्यंत वही काढू नका. काकांना फॉरवर्डवरून हसायला गेलात तर ते पुढचं काही सांगणार नाहीत, आणि खरं सांगू का, सकाळी साडेसहाला गुलाबाच्या फोटोवर सुप्रभात पाठवणारा माणूस "मी आहे अजून" एवढंच कळवत असतो कधीकधी, ते ऐकून घ्या.

प्लॅटफॉर्मवरून ढीगभर डेटा काढायचा विचार असेल तर सोडा. ट्विटरची, म्हणजे आताच्या एक्सची, फुकट एपीआय (प्रोग्राम लिहून डेटा काढायची सोय) २०२३ मध्ये गेली, पोस्ट किती पसरल्या ते दाखवणारं फेसबुकचं क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. हाताने गोळा केलेलं थोडं पण नीट, हेच आपल्या हातात आहे.

लोकांची घरं आहेत ती

ग्रुपवर तुम्ही आधीपासून मेंबर आहात म्हणून त्यातलं सगळं तुमच्या प्रोजेक्टला वापरायची परवानगी आहे असं नसतं. अ‍ॅडमिनला विचारा, ग्रुपवर सांगा, कोणी नको म्हटलं तर त्याचे मेसेज वगळा. नाव, नंबर, डीपी, फ्लॅट नंबर काळं करा. अठराखालच्या मुलांचं काही घ्यायचं असेल तर आधी गाइडशी बोला, स्वतःच्या जिवावर करू नका. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदाही झालाय, त्यातलं मूळ तत्त्व संमतीचं आहे.

नाव काढलं म्हणजे झालं असं वाटतं ना? २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी साडेसहा लाखांच्या आसपास लोकांनी तिच्याकडे केलेले सर्च उघड केले, नावांऐवजी नुसते नंबर टाकून. आणि काही दिवसांत पत्रकारांनी निव्वळ सर्चवरून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका बासष्ट वर्षांच्या बाईंचं घर गाठलं. आजारांची शोधाशोध, तिचा कुत्रा, तिचं गाव, सगळं सर्चमध्येच होतं. दुसरं उदाहरण फेसबुकचं, जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, लोकांचा स्वतःचा सूर बदलतो का म्हणून. परिणाम निघाला तो अगदी बारीक, पण २०१४ ला पेपर छापून आला तेव्हा गदारोळ झाला तो परिणामावर नाही, न विचारता केलं यावर.

मराठीत हे अजून नाजूक आहे. कोणाची पब्लिक पोस्ट तुम्ही शब्दशः छापलीत की ते वाक्य अवतरणात टाकून सर्च केल्यावर पोस्ट आणि माणूस दोन्ही समोर येतात, आपली भाषा ऑनलाइन तेवढी लहान आहे. म्हणून मतितार्थ आपल्या शब्दांत लिहा, शब्दशः द्यायचंच तर त्या माणसाला विचारून.

"परिणाम" लिहायचे कसे

पेपरच्या नावात "सामाजिक परिणाम" असतं आणि सगळी गडबड तिथेच. माझा आग्रह असा की परिणाम हा शब्द लिहिलात की त्याच्यामागची साखळी कडी-कडीने दाखवा.

धुळ्याचं उदाहरण घेऊ, कारण ते टाळून हा पेपर शिकताच येत नाही. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मेसेजेसनी त्या भागात आधीच वातावरण तापलेलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, सोलापूरकडचे, जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, नंतर ती जगभर लागली, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला असं केलं.

आता विद्यार्थी लिहितात "व्हॉट्सअ‍ॅपमुळे पाच बळी". मी विचारते, तोच मेसेज कोथरूडच्या सोसायटीतही आला असेल, तिथे कोणाला नाही मारलं, का? मग हळूहळू कड्या निघतात. मारले गेलेले कोण होते, भटक्या समाजातले. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला पण नजर गेली नाही. अनोळखी, भाषेचा हेल वेगळा, झोळीवाला, म्हणजे संशयित. मेसेजने संशय नव्याने बनवला नाही, असलेल्या संशयाला तारीख आणि गाव दिलं. आणि हेही खरं की मेसेज नसता तर त्या रविवारी कदाचित काही झालं नसतं. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरता आली पाहिजेत, यातलं एक सोडलंत की उत्तर सोपं होतं आणि चुकतं.

पुण्यातलंच हवं तर मे २०२४ चा कल्याणीनगरचा अपघात. १९ मेच्या पहाटे दोन तरुण इंजिनिअर गेले, अल्पवयीन आरोपीला त्याच दिवशी जामीन, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. त्या निबंधाचे मीम दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशात, २२ मेला बाल न्याय मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. त्याच सुमारास आरोपीचाच म्हणून एक रॅप व्हिडिओ फिरला, तो त्याचा नव्हताच. म्हणजे त्याच लाटेत दबावही होता आणि खोटंही. आणि जूनमध्ये हायकोर्टाने निरीक्षणगृहात ठेवणं बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं, तेव्हा मीम कुठे होते? तासातासाची टाइमलाइन बनवा, मीम आधी का बातमी आधी, बातमीने मीम उचललं का उलटं. फक्त आरोपी, मृत, कोणाच्याही घरच्यांचे फोटो-नावं प्रोजेक्टमध्ये नकोत, गरजच नाही.

आकडे वापरताना पण असंच. २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात खोट्या बातम्या रीट्वीट व्हायची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि दोष बॉट्सचा (आपोआप पोस्ट टाकणाऱ्या प्रोग्रामचा) नाही तर माणसांचा. हे छान आहे, पण ते ट्विटरबद्दल आहे, तुमच्या आजीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपला जसंच्या तसं लावू नका. आणि "मोबाइलमुळे मुलांचं मानसिक आरोग्य ढासळतं" लिहायच्या आधी ऑर्बेन आणि प्रशिबिल्स्की यांचं २०१९ चं काम बघा, साडेतीन लाखांहून जास्त मुलांचा डेटा, त्यात मुलांच्या बऱ्यावाईट वाटण्यातल्या फरकाचा जेमतेम ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता आला, साधारण बटाटे खाण्याइतका. यावर दुसऱ्या बाजूचेही संशोधक आहेत, वाद चालू आहे, आणि सरासरी लहान असली म्हणून एखाद्या मुलीला झालेला त्रास लहान होत नाही. पण निदान "सिद्ध झाले आहे" तरी लिहू नका.

चांगले परिणाम लिहितानाही तेवढंच कडक राहा. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि काही तासांत नवी पेठेत रस्त्यावर शेकडो मुलं. "टेलिग्रामची ताकद" असं लगेच लिहावंसं वाटतं. पण ही मुलं राहतात कुठे? दोन-तीन पेठांत, त्याच मेस, त्याच अभ्यासिका, त्याच चहाच्या टपऱ्या. मेसेजने बोलावलं, पण पाच मिनिटांत चालत येता येईल इतक्या जवळ ती होती. दोन्ही मोजा.

लिहिताना आणि व्हायवाला

"आजच्या धकाधकीच्या युगात इंटरनेट ही काळाची गरज बनली आहे" या वाक्याने सुरुवात केलेला पेपर मी शेवटी तपासते. थेट तुमच्या ग्रुपवरच्या एका भांडणापासून सुरू करा. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर कळतं, कारण त्याला तुमच्या सोसायटीतले नाना माहीत नसतात, आणि ते न छापलेल्या पुस्तकांची नावं बिनदिक्कत देतं, एक संदर्भ उघडायला सांगितला की संपलं. सिमिलॅरिटी (दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग) दहा टक्क्यांच्या आत ठेवा, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात तेवढी सूट आहे, पण गाइडचा वेगळा आकडा असेल तर त्यांचा ऐका. मराठीत लिहायची परवानगी असेल तर मराठीतच लिहा, ग्रुपवरचं बोलणं मराठीतून इंग्रजीत नेताना सगळी खोच सांडते.

व्हायवाला तीन-चार प्रश्न ठरलेले. सॅम्पल एवढंच का, याला "वेळ नव्हता" हे उत्तर नाही, "मला किती लोक असं करतात ते नको होतं, कसं करतात ते हवं होतं" हे उत्तर आहे. तुम्ही स्वतः त्या ग्रुपवर आहात मग तटस्थ कसे, यावर तटस्थ असल्याचा आव आणू नका, आत असल्यामुळे काय दिसलं आणि काय दिसलं नसेल दोन्ही सांगा. आणि एक्स्टर्नल सरांपैकी कोणीतरी हमखास म्हणतात, "हे सगळं ठीक आहे, पण शेवटी सोशल मीडिया चांगला का वाईट?" तिथे वाद घालू नका, वहीतलं एक पान उघडा आणि त्या पानावरच्या दिवशी काय झालं ते सांगायला लागा. ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टचं, बाइंडिंग शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, अप्पा बळवंत चौकात तेव्हा सगळ्या कॉलेजांची रांग असते, आणि कव्हरवर रोल नंबर बरोबर आहे का ते प्रिंट मारायच्या आधी बघा.